आजोबा उठले

यान १९८२ साली सुटलं, तेव्हा सायखेड्याच्या पुंजारामला गोठवून एका पेटीत झोपवलं होतं. नव्या ग्रहावर द्राक्षाची बाग लावायला जाणता माणूस जिवंत पोचायला हवा होता. तान्ह्या मुलांना गोठवत नसत, म्हणून त्याची बायको चांगुणा लेकीला घेऊन यानात न झोपता जागी राहिली.

त्याने डोळे उघडले तेव्हा एक म्हातारी त्याच्या पाया पडत होती.

"अहो, काय करता! मी तिशीतला माणूस."

"तुमच्या लेकीच्या नातीची नात हाय मी, आजोबा. लय वेळ लागला, पन पोचलो आपन. च्या घ्या. दुधाचा नाय, पन गरम हाय."

चांगुणा नाही, हे त्याला न विचारताच कळलं. पण बोलणं तेच होतं, हेलही तोच. त्याला वाटलं, माणसं गेली तरी गाव तसंच राहिलंय.

तेवढ्यात बाकीचे आत शिरले. हसत, डोळे पुसत सगळे एकदम बोलू लागले. पुंजारामला एक शब्द कळेना.

"हे काय बोलतात?"

"आता सगळे असंच बोलतात. गावचं बोलनं कवाच गेलं."

"मग तुम्हाला कसं येतं?"

"चांगुणाआजीनं सांगून ठेवलेलं. घरातल्या एकीनं तरी शिकायचं, म्हनं ते उठतील तवा कुनीतरी बोलायला पायजे. आई गेल्यापासून मी तुमच्या पेटीशीच बोलत बसायची."

पुंजाराम पेटीतून उतरला आणि आधी तिच्या पाया पडला.