तारीख कोण हलवतंय?

सुनेला, तनुजाला जुळी झाली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसला, सरूबाईंच्या पुस्तकाची तारीख पहिल्यांदा पुढं गेली. त्यानंतरच्या दीड वर्षात ती आणखी चार वेळा गेली.

"आई, हे बघ. पाडव्याचं आषाढावर ढकललं," सोमनाथनं फोन तिच्यापुढं धरला. "तो प्रकाशक बद्रीनाथ लई चालू हाय. म्हातारी बाई, अडाणी, काय करंल, असं वाटतंय त्याला."

"अडाणी नाय म्हणायचं," सरूबाई म्हणाल्या. "आता नाय."

लेक गेल्यावर दोन वर्षांनी, पंचावन्नाव्या वर्षी, त्या प्रौढांच्या वर्गात अक्षर शिकल्या होत्या. ती लेक, दीपमाला, सासरहून पळून आली तेव्हा सरूबाई भावाकडं गेल्या होत्या आणि घराला कुलूप होतं, असं सोमनाथनं सांगितलं होतं. पोर दारातून माघारी फिरली ती मळ्यातल्या विहिरीवर गेली. आपण त्या दिवशी घर का सोडलं, याची लेकीकडं माफी मागायला सरूबाईंनी एकशे बारा पानं लिहिली होती. डावा डोळा कामातून गेला होता. उजवा शाबूत आहे तोवर त्यांना ती पानं छापलेली वाचायची होती.

सोमनाथनं कंपनीत अर्धी सुट्टी टाकली आणि बजाजनगरहून मोटारसायकलवर आईला शहरातल्या छावणी भागात आणलं. बद्रीनाथचं प्रकाशन एका शिंप्याच्या दुकानावर, माडीवर होतं. तिथं बद्रीनाथ, त्याच्याकडं काम करणारी लुबना आणि पुस्तकांचे गठ्ठे, एवढंच मावायचं.

सोमनाथ जिन्यातूनच ओरडला, "पाचवी तारीख झाली, मालक! माझी आई मेल्यावर छापता का?"

"अहो, मी हात लावला नाही," बद्रीनाथ म्हणाला. "लुबनाला विचारा. कारभार तिचा."

"खुदा कसम, मीपण नाही," लुबना म्हणाली.

प्रकाशनाचं नियोजन करणारं छोटं वेब ॲप लुबनानंच बनवलं होतं आणि तीच ते चालवायची. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ. टंकन, तपासणी, मुखपृष्ठ, छपाई. लेखकालाही ते आपल्या फोनवर दिसायचं. 'मंजूर' दाबलं की पुस्तक छापखान्याकडं जायचं. कोणी 'दुरुस्ती बाकी' दाबलं की छपाईची तारीख आपोआप तीन महिने पुढं सरकायची. हे बटण कार्यालयालाही होतं आणि लेखकालाही.

"मग काय भूत दाबतंय?" असं म्हणून सोमनाथ कंपनीचा फोन घ्यायला खाली गेला.

सरूबाई पडद्याकडं बघत बसल्या होत्या. "पोरी, आमच्या वर्गात हजेरीला सही असायची. अंगठा नाय चालायचा. तुझ्या ह्याच्यात तारीख हलवणाराची सही कुठं असती?"

लुबना बद्रीनाथकडं बघू लागली.

"बघा," बद्रीनाथ हसला. "शिकलेल्यांना सुचलं नाही."

"आठ दिवसांत बसवते, आजी. फक्त आम्हाला दिसेल असं."

तिनं नवा रकाना केला. कोणी दाबलं, कोणत्या फोनवरून, किती वाजता. पंधरा दिवसांनी तारीख सहाव्यांदा हलली आणि लुबनानं सरूबाईंना बोलावून घेतलं. याही वेळी सोमनाथच त्यांना घेऊन आला.

"मंगळवार," लुबनानं वाचलं. "दुपारी एक चाळीस. लेखकाच्या खात्यातून."

"लेखक म्हंजे मीच की."

"व्हय, आजी. पण तुमच्या खात्याला नंबर सोमनाथभाऊंचा आहे."

लुबनानं पडदा सोमनाथकडं वळवला.

"बोट लागलं असंल," सोमनाथ म्हणाला.

"सहा डाव?" सरूबाईंनी विचारलं.

"आणि वर शिव्या मला," बद्रीनाथ म्हणाला. "दीड वर्षं पुण्य लागलं म्हणायचं."

सोमनाथ आईजवळ उकिडवा बसला. आवाज उतरला होता. "आई, एकेचाळिसावं पान तेवढं काढ. बाकी समदं छापू दे. मीच पेढे वाटतो."

"काय हाय त्याच्यात?"

"काय नाय. गावात लोक वाचत्यात. उगं चर्चा."

सरूबाईंनी लुबनाला ते पान उघडायला लावलं. उजवा डोळा पडद्याजवळ नेला आणि ओळीखाली बोट ठेवून स्वतःच मोठ्यानं वाचलं.

"त्या दिवशी वैशाखातली अमावस्या होती. सोमनाथ पहाटेच कांदे घेऊन वैजापूरच्या लिलावाला गेला होता. म्हणून घराला कुलूप होतं."

वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. "ह्याच्यात चर्चेसारखं काय हाय?"

बद्रीनाथनं चष्मा काढला.

"मावशी, आमचे आबा त्याच बाजारात हमाल होते," तो म्हणाला. "अमावस्येला हमाल पोत्याला हात लावायचे नाहीत. लिलाव बंद असायचा."

"बाजाराचं आमच्यात बाप्येच बघायचे," सरूबाई हळू बोलल्या. "लिलावाला गेलतो, असं ह्यानं सांगितलं, ते मी लिवलं." मग त्यांनी लेकाकडं पाहिलं.

"आई, घरी चल," सोमनाथ म्हणाला.

"तू हो पुढं."

तो गेला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. सरूबाई लुबनाच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी त्या तिन्ही ओळी पुसायला लावल्या. नव्या ओळी मात्र कोणाला लिहू दिल्या नाहीत. एका बोटानं अक्षर शोधत, काना मात्रा बघत, अर्धा तास त्या बसल्या होत्या. मग लुबनाला विचारून त्यांनी 'मंजूर'चं बटण दाबलं.

त्या पानावर आता एवढंच होतं: "माझी लेक दीपमाला शनिवारी, २७ मे २००६ रोजी मेली. ती दारात आली तेव्हा तिचा भाऊ घरातच होता."