नवरदेवाची वेसण

उत्तमरावांच्या अंगणात त्या सकाळी दोन बैल, एक गाय, पाच शेळ्या आणि एक लामा होता. लामा सोडून बाकी सगळी जनावरे उभी होती.

वऱ्हाड-मध्यप्रांत फिरणारी एक सर्कस नांदुऱ्यात मोडली, तिच्या लिलावात उत्तमरावांनी तो घेतला होता. उंटाच्या कुळातला, कुबड नसलेला, ओझे वाहणारा. वडनेर भोलजीपर्यंत तो बैलगाडीत बसून आला आणि उतरवल्यावर पुन्हा बसला.

उत्तमरावांनी बैलाची रीत लावली. मागे उभे राहिले, हाकारले, शेपटी पिळली. लामाने कान मागे टाकले, मान वळवली आणि त्यांच्या फेट्यावर थुंकला.

"वेसणीबिगर हे हालत नाही, भाऊ," मोतीराम म्हणाला. गावातल्या गोऱ्ह्यांची नाके तोच टोचत असे. तो दाभणाला तेल लावत बसला होता.

"घाल मंग," फेटा पुसत उत्तमराव म्हणाले.

त्यांची बायको रुखमाबाई दारात उभी होती. लामा तिच्या हातातून कडबा खाई, तेव्हा त्याचे मऊ नाक तिच्या तळव्याला लागे. शिवाय तिने दोनदा पाहिले होते : मागे कोणी उभे राहिले की तो बसतो, मागचा माणूस गेला की उठतो.

"नवरदेवाले कोणी मागून ढकलते का?" ती म्हणाली. "त्याच्या म्होरं चालावं लागते."

"मंग तूच हो करवली. विहिरीवरून पाणी आणलं त्यानं, तं नाकाले हात लावत नाही. पण अर्धं सांडलं तं मंग बोलू नको."

"हाव." तिने कोपऱ्यातली, बैलाच्या पाठीवर टाकायची जुनी दोन कप्प्यांची गोणी ओढली. "मोतीरामभाऊ, दाभण हातात हायेच, तं येवढी गोणी शिवून द्या. एका अंगानं उसवली."

मोतीरामाने उत्तमरावांकडे पाहिले. उत्तमरावांनी आभाळाकडे पाहिले. गोणी शिवली गेली.

रुखमाबाईने ती लामाच्या पाठीवर टाकली, दोन्ही कप्प्यांत एकेक रिकामी कळशी ठेवली आणि दोघा पुरुषांना ओट्यावर बसवले. मग दोर सैल धरून, मागे न पाहता ती चालू लागली.

दोर ताणला जाण्याआधी लामा उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे. मान उंच करून तो तिच्यामागे फाटकाबाहेर गेला.

"आता काऊन उठला बे हा?" मोतीराम म्हणाला.

रुखमाबाई आणि लामा विहिरीवरून परत आले तेव्हा कळशा भरलेल्या होत्या. त्या उतरवून ओट्यावर ठेवल्या. उत्तमरावांनी आत आडवी बोटे धरून पाहिले. मग मोतीरामालाही धरायला लावली.

डाव्या कळशीत पाणी काठापासून दोन बोटे खाली होते, उजवीत तीन.