काळी टेप

भाविका मॅडम नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचं फक्त ऑइल बदलायला टोकावड्याच्या गॅरेजात आल्या होत्या. अनंता मिस्त्रीने गाडी पाहिली आणि चावी मागून घेतली.

"एअरबॅग दुरुस्त केल्याबिगर गाडी नाय देणार."

"पण तिचा लाल दिवा तर कधीच लागत नाही."

"चावी फिरवली की लागून विझायला पायजे."

त्याने मीटर खोलला. दिव्यावर काळी टेप चिकटवलेली होती. ती काढून चावी फिरवली, तर लागलेला दिवा विझेचना. बॅटरीची जोडणी काढून तो दुपारपर्यंत बिघाड शोधत राहिला, तेव्हा सीटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर सापडली. ती बदलल्यावर दिवा लागला आणि विझला.

"कुणी लावली असेल हो ही टेप?" मॅडमनी चिडून विचारलं.

"मीच," अनंता म्हणाला. "मागच्या मालकाला गाडी विकायची होती."