कीर्तनाच्या दिवसाचा उपवास

“खरं सांगा हं, बुवा. या उत्तरांवरूनच डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार,” नर्सबाई म्हणाल्या. क्रोन्सच्या आजाराने आमच्या यांचं आतडं दोन ठिकाणी अरुंद झालं होतं. जगणं कितपत सुखाचं आहे, ते आज फॉर्मवर मोजायचं होतं. हे मात्र प्रत्येक प्रश्नाला “देवाची कृपा!” म्हणत सर्वांत चांगल्या उत्तरावर बोट ठेवत होते.

“आजारामुळे जेवण टाळता?”

“छे हो!” मीच अभिमानाने म्हटलं. “कीर्तनाच्या दिवशी यांचा कडक उपवास असतो. लोक त्यासाठी पाया पडतात यांच्या.”

“उपवास देवासाठी, की पोटाच्या भीतीने?”

यांनी फॉर्मवरचं बोट उचललं.

“भीतीने,” हे म्हणाले. “अभंग मध्येच टाकून पळावं लागलं तर? आणि ऑपरेशन करून शौचासाठी पोटाला पिशवी लावली, तर नारदांच्या गादीवर कोण उभं राहू देईल मला?”

अकरा वर्षं मी त्या उपवासाचं कौतुक गावभर सांगत होते.

नर्सबाईंनी आवाज हळू केला. “ही भीती घरात कुणाला सांगितली आहे?”

यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आत्ताच सांगितली.”