कलम चार

ठराव क्रमांक चारशे अकरा : पक्ष विसर्जित करण्यात यावा.
बाजूने : एक.
विरोधात :

इथे चष्मेवाल्याचं पेन अडलं.

समोर डोळे तपासायची उंच खुर्ची. दर मंगळवारी चार वाजता तिच्यावर मास्तर बसायचे. गेल्या महिन्यात मास्तर गेले. पक्षात आता अध्यक्ष तेवढा उरला, म्हणजे हा चष्मेवाला.

सुरुवातीला नऊ जण होते. मोठ्या पक्षात सगळे हात एकदम वर जायचे. त्याला विटून बाहेर पडले आणि चष्म्याच्या दुकानामागच्या या खोलीत त्यांनी आपला पक्ष काढला. घटनेत मोठ्या हौसेने कलम चार घातलं : एकाचाही विरोध नसेल, तर ठराव बाद. नगरपालिका लढवली. चिन्ह शिडी, मतं दोनशे बारा. मग एकेक जण शिडी उतरला. चौघे तर थेट मोठ्या पक्षात.

उरले दोघे. अध्यक्ष ठराव मांडायचा, मास्तर कडाडून विरोध करायचे. समसमान. मग अध्यक्षाचं जादा मत आणि ठराव मंजूर. सहा वर्षं मास्तर हरत होते. एकही मंगळवार चुकला नाही.

रिकाम्या खुर्चीपुढे सभा भरवणं आता त्याला झेपत नव्हतं. पक्ष रीतसर मिटवायचा होता. पण एकट्याचा ठराव म्हणजे एकमत. एकमत म्हणजे बाद.

“भाऊजी, हा पक्षाचा शिक्का घरी राहिला होता.” दारात मास्तरांची बायको.

“वहिनी, बसा. एक काम कराल? हा सभासदाचा अर्ज भरा आणि एकदाच विरोध करा. मग सुटलो दोघं.”

“इतकी वर्षं चहासुद्धा विचारला नाहीत. आज एकदम सभासद!”

तरी तिने अर्ज भरला. खुर्चीवर चढून बसली. पाय जमिनीला टेकेनात.

“हरून आले की फार खुशीत असायचे हे,” ती म्हणाली. “आणि सोमवारी माझ्या मागे लागायचे. उद्या काय विरोध करू, सांग.”

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“घ्या ना मत.”

त्याने ठराव वाचला. “बाजूने?” स्वतःचा हात वर केला.

तिनेही केला.

“वहिनी, तुम्ही आत्ता नाही. तुम्ही विरोधात.”

“माझा विरोध नाही.”

“अहो, मग एकमत होईल! ठराव बाद. पक्ष तसाच राहील.”

“ठाऊक आहे,” ती हात तसाच ठेवून म्हणाली. “कलम चार ह्यांना मीच सुचवलं होतं. पुढच्या मंगळवारी चारलाच ना?”