अबोलीचं स्थळ

“पळता पळता कधी मध्येच बसली आहे का ही?” हाल्व्हर्सन म्हाताऱ्यानं विचारलं, आणि मीनाक्षीमावशीनं टेबलाखालून प्रतापच्या पायावर पाय दिला. दोघांच्याही पायांत बर्फातले जाड बूट होते, त्यामुळे प्रतापला लागलं काहीच नाही. फक्त अर्थ पोचला.

“छे छे!” मावशीच म्हणाली. “बसणं तिला ठाऊकच नाही. झोपतेसुद्धा उभ्यानं.”

बाहेर पिकअपमध्ये अबोली गळा काढून रडत होती. नाव ठेवलं तेव्हा ती गप्प होती. ती चूक पुढे सुधारता आली नाही.

प्रताप आठवडाभर मिनिॲपोलिसमध्ये सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवार-रविवार बर्फावरच्या स्लेजगाडीवर उभा राहून ती ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पाठी बघायचा. त्या पाठींमधली सगळ्यात पुढची अबोलीची. बाकीच्यांना तिच्याशिवाय स्वतःच्या वाडग्याचीही वाट सापडत नसे. आता ती सात वर्षांची झाली होती, माजावर आली होती, आणि व्हेटनं सांगितलं होतं, हे शेवटचं. यानंतर पिल्लांचा विचार नको.

दोन ठिकाणांहून नकार आला होता. कारण एकच. २००२ सालच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, अबोली खाली बसली होती. बसणाऱ्या कुत्रीची पिल्लं कोणाला हवीत? म्हणून या वेळी, हाल्व्हर्सनच्या डीझेल नावाच्या कुत्र्यासाठी बोलणी करायला, त्यानं मावशीला आणलं होतं. मावशी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, पण खरी प्रॅक्टिस लग्नं जुळवण्याची. आसपासच्या निम्म्या मराठी संसारांना तीच जबाबदार होती, आणि ते लोक तिला तसं बोलूनही दाखवत. गाडीत तिनं बजावलं होतं, “दोष विचारल्याशिवाय सांगायचा नाही. विचारला तर चिवडा पुढे करायचा.”

तिनं चिवडा पुढे केला. म्हाताऱ्यानं एक शेंगदाणा उचलून उजेडात धरला.

“सांधे?”

“घरात कोणालाच त्रास नाही.”

“खाणं?”

“नखरे नाहीत. चार जणांत मिळून मिसळून राहते. तुमच्या डीझेलला काही व्यसन वगैरे?”

“मोजे खातो,” म्हातारा प्रामाणिकपणे म्हणाला.

“चालेल,” मावशी उदारपणे म्हणाली.

म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि उठला. “नाही जमणार.”

प्रतापनं विचारलं, “का पण?”

“माझी कुत्रीही थांबत नाहीत. मार्चमध्ये डीझेलचा भाऊ पळता पळता गेला. हार्नेसच्या पट्ट्यांमध्येच. त्याच्या आधी बाप. पाय मोडला तरी सांगत नाहीत, छाती फुटली तरी सांगत नाहीत. मला थांबणारं रक्त हवंय. न थांबणारी माझ्याकडे खूप आहेत, आणि ती पुरून पुरून माझी कंबर गेली.”



“बसते हो ती!” मावशी ताडकन उठली. “एक नंबरची आळशी! भर शर्यतीत बसली होती!”

“मघाशी ती उभ्यानं झोपत होती.”

“ते मी खोटं बोलले!”

“मग आता खरं बोलताय कशावरून?”

मावशीच्या एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मुलगी वाईट असल्याचं पटवून द्यायची वेळ कधी आली नव्हती. ती खाली बसली. “प्रताप, आता तूच बोल रे.”

प्रतापनं घसा खाकरला. सगळी गोष्ट त्यानं मावशीलाही सांगितली नव्हती.

“तळ्याच्या मधोमध बसली. उठेना.”

“ओढलीस?”

“नाही.”

“ओरडलास?”

“थोडा. मराठीत.”

“मग?”

“मग तिला उचलून स्लेजमध्ये घातलं. माझा कोट पांघरला.”

“आणि पुढे कोणाला जोडलंस?”

प्रताप टेबलाकडे बघत राहिला. “मीच लागलो.”

“कुठे लागलास?”

“पुढे. तिच्या जागी. दोरी खांद्यावर घेतली. बाकीच्यांना कोणाच्या तरी मागे जायची सवय होती ना. पुढच्या तपासणी चौकीपर्यंत तसाच गेलो आणि शर्यत सोडली.”

“आणि बाकीचे आले तुझ्या मागे?”

“आले. एक जण चावला.”

मावशीनं कपाळावर हात मारला. “अरे, हे चारचौघांत बोलू नकोस. तुझं दुसरं लग्न जुळवायचंय मला.”

म्हातारा दारापाशी गेला, आणि प्रतापला वाटलं, संपलं, आता हा आपल्याला बाहेरची वाट दाखवणार. दार उघडलं. थंडी आत आली. म्हाताऱ्यानं शीळ घातली आणि आवारातून एक दांडगा करडा कुत्रा तोंडात मोजा धरून धावत आला.

“सोड तिला खाली,” म्हातारा म्हणाला. “पिल्लं सगळी तुझी. फक्त एखादं तुझ्यावर गेलेलं निघालं, तर ते मी ठेवणार.”