सत्तावीस नंबरचा बिल्ला

"भाऊजी, कालचा सत्तावीस नंबर परत आलेला नाही," बिल्लेवाली म्हणाली, आणि सकाळी सकाळीच कप्तानाचा पारा चढला.

कप्तान म्हणजे डोंगरावरच्या शोधपथकाचा प्रमुख. बिल्लेवाली फाटकापाशी बसायची. वर जाणाऱ्याने तिच्याकडून पितळी बिल्ला घ्यायचा, उतरल्यावर परत द्यायचा. ही पद्धत काही डोंगराची देखरेख करणाऱ्या कार्यालयाने शोधलेली नव्हती. सूर्याला पुजणारे ते जुने लोक, ज्यांचे शिंगवाले दगडी चेहरे अजून माथ्यावर उभे आहेत, तेही असंच करत. फाटकाजवळच्या कातळावर त्यांनी कोरलेले खळगे आहेत. माणूस वर गेला की खळग्यात खडा ठेवायचा, उतरला की उचलायचा. कार्यालयाने त्या जागी फळी लावली आणि पन्नास खिळे ठोकले, एवढंच. आज एक खिळा रिकामा होता.

"नेला असेल कुणीतरी आठवण म्हणून," कप्तान म्हणाला. "वर्षाला चार-पाच जातातच की."

"हा नेणाऱ्यातला नव्हता." ती दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून उभी होती. "एकटाच होता. चाळिशीचा. पिवळी टोपी. डाव्या बुटाला नाडी नव्हती, हिरवी दोरी बांधलेली. मागच्या वाटेला वळला."

सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं. कप्तानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माळावरच्या या एकट्या डोंगराला चार वाटा. तीन चांगल्या आखलेल्या, दगडादगडावर पांढऱ्या खुणा असलेल्या. चौथी, मागची, तीन वर्षांपूर्वी दरड कोसळल्यापासून बंद. तिथे तारेचं कुंपण आहे, हातभर लाल अक्षरांत पाटी आहे. तरी हे शहाणे जाणारच! जुन्या देवांवरचं एखादं पुस्तक चाळायचं, टोपी चढवायची आणि निघायचं. मग यांच्यापायी दुसऱ्यांनी जीव धोक्यात घालायचा.

"अडवलं का नाही त्याला?"

"हाक मारली होती. वळून बघितलंसुद्धा नाही."

"नाव काय त्याचं?"

"नाव लिहायला वही कुठंय? दोन वर्षं मागतेय. दिलीत?"

"दुपारपर्यंत वाट बघू, वहिनी."

"कसली वाट?" तिचा आवाज एकदम चढला. "माणूस आहे तो! का त्याचंही खुर्चीत बसूनच ठरवणार? तसं असेल तर आत्ताच सांगा. मी आज इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, बाबांनो, वर जा, पण परत आला नाहीत तर ही मंडळी शोधायला येत नाहीत."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर कप्तानाने तिथल्या तिथे झापलं असतं. पण हिच्यापुढे त्याची मान खाली जायची. हिचा नवरा वाटांच्या खुणा रंगवायचा, कप्तानाच्या जवळचा होता. तीन वर्षांपूर्वी तो नोकरी आणि घर दोन्ही टाकून निघून गेला, असं कार्यालयाचं म्हणणं. हिला दयेपोटी फाटकावर घेतलं. तो विषय दोघंही काढत नसत.

त्याने कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

"वाट बंद आहे ना?" साहेब म्हणाले. "मग तिथे माणूस असेलच कसा?"

"पण साहेब, तिने स्वतः..."

"बंद म्हणजे बंद. मला नसती भानगड नको."

कप्तानाने फोन खिशात कोंबला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं यांचं! त्याने चार माणसं घेतली, दोर घेतले आणि कुंपणाची तार स्वतः कापली.

वाट कसली, नुसता सुट्या दगडांचा घसारा होता. कागदावर कप्तान तीन वर्षांपूर्वी इथे एकदा येऊन गेला होता. 'चारही वाटा तपासल्या' असं लिहून खाली सहीसुद्धा केली होती. पायांनी मात्र तो आज पहिल्यांदाच येत होता. सापडू दे तो पिवळ्या टोपीवाला, तो मनात म्हणत होता, आधी पाणी पाजीन आणि मग असा फैलावर घेईन, की जन्मात डोंगराचं नाव काढणार नाही.

दोन तासांनी ते पहिल्या दगडी चेहऱ्यापाशी पोचले. त्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगात फुली मारायला कुणीतरी सुरुवात केली होती. फुलीची एकच रेघ होती. वाट बंद करताना अशा फुल्या माराव्यात, असा कार्यालयाचा हुकूम होता.

"कप्तान!" खालच्या कपारीतून एकाने हाक दिली. "इकडे या. लवकर या."

कप्तान दोरावरून उतरला. टोपी होती, पण उन्हापावसाने पार पांढरी झालेली. शिवणीत तेवढा पिवळा रंग उरला होता. डाव्या बुटाला हिरवी दोरी होती. बुटातून गवत उगवलं होतं. हाडांशेजारी रंगाचा डबा पडला होता, आणि त्यातला रंग दगडासारखा सुकला होता.

कप्तान तिथेच खाली बसला.

दुपारी ते फाटकाशी उतरले तेव्हा ती दारातच उभी होती. जिवंत आहे का, असं तिने विचारलं नाही.

"दोरी हिरवीच होती ना?"

कप्तानाने मान हलवली.

"त्या दिवशी सकाळी मीच बांधून दिली होती," ती म्हणाली.

मग ती आत गेली, स्वेटरच्या खिशातून सत्तावीस नंबरचा बिल्ला काढला आणि फळीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला.